मेसेज नसताना लाल आकडा का दिसायचा? स्क्रीनचे सगळे भाग एकाच ‘स्टोअर’ला कसे जोडले जातात?

मेसेजच्या आयकॉनवर लाल गोल दिसतो, त्यात ‘१’ असं लिहिलेलं. कोणाचा मेसेज आला म्हणून उघडून बघावं, तर आत नवीन काहीच नाही. आकडा गायब होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा हजर!

दहा-बारा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर फेसबुक वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव यायचा. फेसबुकच्या इंजिनिअर मंडळींनी हा बग दुरुस्त केला. काही दिवसांनी तो परत आला. पुन्हा दुरुस्त केला, पुन्हा आला. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की चूक कोडच्या एखाद्या ओळीत नाही. माहिती कुठे ठेवायची आणि ती कोणी बदलायची, ही पद्धतच चुकते आहे.

एप्रिल २०१४ मध्ये फेसबुकच्या एफ८ परिषदेत जिंग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावरचा तोडगा जगासमोर मांडला. त्याचं नाव ‘फ्लक्स’. आज वेबसाइट आणि अ‍ॅप बनवण्याच्या ज्या पद्धती सर्रास वापरल्या जातात, त्यातल्या अनेकांचं मूळ या कल्पनेत आहे. ती नेमकी काय आहे, हे कोड न लिहिता समजून घेऊया.

आधी दोन शब्द: कंपोनंट आणि स्टेट

आजकालचं वेब पेज एकसंध नसतं. ते छोट्या छोट्या तुकड्यांनी बनलेलं असतं. वरची पट्टी हा एक तुकडा, त्यातलं घंटेचं चिन्ह हा दुसरा, पोस्ट हा तिसरा, पोस्टखालचं लाइकचं बटण हा चौथा. अशा प्रत्येक तुकड्याला ‘कंपोनंट’ म्हणतात. फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘रिअ‍ॅक्ट’ ही लायब्ररी याच पद्धतीने काम करते.

‘स्टेट’ म्हणजे त्या क्षणी अ‍ॅपला माहीत असलेली परिस्थिती. तुम्ही लॉगिन आहात का, किती मेसेज वाचायचे राहिलेत, कार्टमध्ये काय आहे, कोणता मेनू उघडा आहे, हे सगळं स्टेट.

रिअ‍ॅक्टचा मूळ विचार सोपा आहे. स्क्रीन म्हणजे स्टेटचं प्रतिबिंब. स्टेट बदललं की स्क्रीन बदलली पाहिजे. आता गंमत अशी, की एकच माहिती स्क्रीनवर एकाच वेळी चार ठिकाणी दिसत असते. मग ते चारही आरसे एकच चेहरा दाखवतील याची खात्री कोण देणार?

आकडा चुकायचा कसा?

त्या काळच्या फेसबुक पेजवर मेसेजची माहिती किमान तीन जागी दिसत असे. वरच्या पट्टीत न वाचलेल्या मेसेजचा आकडा. खाली कोपऱ्यात चॅटची छोटी खिडकी. आणि मेसेजचं वेगळं मोठं पान.

नवीन मेसेज आला की कोडला तीन कामं करावी लागत. चॅटच्या खिडकीत मेसेज दाखव. मोठ्या पानात दाखव. वरचा आकडा एकने वाढव.

इथपर्यंत ठीक आहे. पण लगेच अपवाद सुरू होतात. ती चॅट खिडकी उघडीच असेल आणि माणूस तिथेच टाइप करत असेल तर आकडा वाढवायचा नाही. मोठं पान उघडं असेल तरी वाढवायचा नाही. माणसाने खिडकीत मेसेज वाचला तर आकडा कमी करायचा, पण तो आधीच मोठ्या पानात वाचून झाला असेल तर पुन्हा कमी करायचा नाही.

प्रत्येक कंपोनंटकडे स्वतःचा हिशोब होता आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या हिशोबात हात घालत होता. एखादा अपवाद हाताळायचा राहिला की आकडा एकने पुढे किंवा मागे. कोणी नवीन सोय जोडली की जुना अपवाद मोडायचा. म्हणून बग दुरुस्त होऊनही परत यायचा.

गावातल्या किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. उधारीचा हिशोब दुकानदाराच्या वहीत, त्याच्या मुलाच्या चिठ्ठीवर आणि गड्याच्या लक्षात, असा तीन ठिकाणी असेल तर महिनाअखेरीला भांडण ठरलेलं. तिघंही प्रामाणिक असतील, तरी आकडे जुळणार नाहीत. कारण हिशोब एक आहे आणि वह्या तीन.

वरून खाली माहिती दिली तर?

यावर पहिला उपाय रिअ‍ॅक्टमध्येच आहे. दोन कंपोनंटना एकच माहिती लागत असेल, तर ती त्या दोघांच्या वर असलेल्या कंपोनंटकडे ठेवायची आणि तिथून खाली द्यायची. अशा खाली दिलेल्या माहितीला ‘प्रॉप्स’ म्हणतात. लहान अ‍ॅपसाठी ही पद्धत उत्तम आहे आणि आजही तीच आधी वापरून बघावी.

अडचण येते ती मोठ्या अ‍ॅपमध्ये. वरची पट्टी आणि खालची चॅट खिडकी हे एकमेकांचे खूप लांबचे नातेवाईक असतात. दोघांच्या वरचा पहिला समान पूर्वज म्हणजे थेट संपूर्ण अ‍ॅप. मग माहिती तिथे ठेवायची आणि सात-आठ पायऱ्या खाली पोचवायची. मधल्या पायऱ्यांना त्या माहितीशी काही देणंघेणं नसतं, तरी त्यांना ती हातातून हातात द्यावी लागते. याला डेव्हलपर ‘प्रॉप ड्रिलिंग’ म्हणतात. एका पायरीवर नाव बदललं की साखळीतल्या सगळ्यांना बदलावं लागतं.

एकच वही, एकच लिहिणारा

फ्लक्सने सांगितलं ते असं: सामायिक माहिती कंपोनंटमध्ये ठेवूच नका. ती बाहेर एका ‘स्टोअर’मध्ये ठेवा. इथे स्टोअर म्हणजे दुकान नव्हे, कोठार.

कंपोनंटनी त्या कोठारातून वाचायचं. पण लिहायचं नाही. काही बदल हवा असेल तर काय घडलं याची चिठ्ठी पाठवायची. या चिठ्ठीला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. ‘नवीन मेसेज आला’, ‘हे संभाषण उघडलं’, अशी ती घटना असते. त्या घटनेवरून वहीत काय लिहायचं, हे स्टोअर ठरवतं. नोंद झाली की स्टोअर सगळ्यांना हाक देतं, आणि कंपोनंट नवी माहिती वाचून स्वतःला पुन्हा रंगवतात.

म्हणजे माहितीचा प्रवास नेहमी एकाच दिशेने: चिठ्ठी, मग वही, मग स्क्रीन. स्क्रीनवर काही दाबलं की पुन्हा नवी चिठ्ठी. उलट्या दिशेने कोणी थेट वहीत खरडायचं नाही.

आकड्याच्या प्रश्नात याने काय फरक पडला? ‘खिडकी उघडी असेल तर मोजू नका’ यासारखे सगळे अपवाद आता एका जागी आले. आकडा चुकला तर कुठे बघायचं हे माहीत झालं. वरची पट्टी बिचारी फक्त विचारते, ‘किती राहिले?’ आणि जे उत्तर मिळेल ते दाखवते.

रिडक्स: तीन नियमांची लायब्ररी

फ्लक्सच्या मूळ पद्धतीत अनेक स्टोअर असत आणि चिठ्ठ्या वाटणारा एक ‘डिस्पॅचर’ असे. २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी ही पद्धत आणखी सुटसुटीत केली आणि ‘रिडक्स’ ही छोटी लायब्ररी आणली. ‘रिड्यूसर’ आणि ‘फ्लक्स’ यांच्या मिलाफातून हे नाव आलं. ‘एल्म’ या प्रोग्रामिंग भाषेचाही तिच्यावर प्रभाव आहे. जुलै २०१५ मध्ये पॅरिसच्या रिअ‍ॅक्ट युरोप परिषदेत अब्रामोव्ह यांनी ती दाखवली.

रिडक्सचे तीन नियम आहेत.

पहिला: संपूर्ण अ‍ॅपचं सामायिक स्टेट एकाच स्टोअरमध्ये.

दुसरा: ते स्टेट फक्त वाचण्यासाठी. बदल हवा तर अ‍ॅक्शन पाठवा. अ‍ॅक्शन पाठवण्याला ‘डिस्पॅच’ करणं म्हणतात.

तिसरा: बदल करणारं फंक्शन ‘शुद्ध’ हवं. जुनं स्टेट आणि अ‍ॅक्शन घ्यायची, नवं स्टेट परत द्यायचं. बाकी कुठे हात लावायचा नाही, नेटवरून काही आणायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. याच फंक्शनला ‘रिड्यूसर’ म्हणतात. किराणा दुकानाच्या भाषेत हा मुनीम. तीच वही आणि तीच चिठ्ठी दिली तर तो नेहमी तीच नोंद करणार.

याचा एक फायदा लगेच मिळतो. घडलेल्या सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने जपून ठेवल्या, तर अ‍ॅप मागे-पुढे नेऊन बघता येतं. आकडा नेमका कोणत्या चिठ्ठीनंतर बिघडला, हे व्हिडिओ मागे घेऊन बघावं तसं दिसतं. अब्रामोव्ह यांच्या पॅरिसच्या प्रात्यक्षिकाचा हाच विषय होता. ‘टाइम ट्रॅव्हल डिबगिंग’ म्हणतात ते हेच.

कंपोनंट स्टोअरला जोडायचा कसा?

रिडक्सला स्वतःला रिअ‍ॅक्टची काहीच माहिती नसते. स्टोअरकडे मोजकीच कामं असतात: आत्ताचं स्टेट दे, अ‍ॅक्शन घे, आणि बदल झाला की कळवण्यासाठी नाव नोंदवून घे. या दोघांना जोडणारी वायर म्हणजे ‘रिअ‍ॅक्ट-रिडक्स’ ही वेगळी लायब्ररी. तिच्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या.

प्रोव्हायडर: संपूर्ण अ‍ॅपला बाहेरून गुंडाळणारा कंपोनंट. स्टोअर एकदा याच्या हाती दिलं की आतल्या कितीही खोल असलेल्या कंपोनंटला ते मिळतं. घराला मेन लाइन एकदा जोडली की प्रत्येक खोलीत सॉकेट मिळतो, तसं. मधल्या पायऱ्यांनी माहिती हातोहात द्यायची गरज उरत नाही.

सिलेक्टर: मोठ्या वहीतून मला नेमकं काय हवं, हे सांगणारं छोटं फंक्शन. वरच्या पट्टीचा सिलेक्टर म्हणतो, ‘न वाचलेली संभाषणं मोज आणि आकडा दे.’ चॅट खिडकीचा सिलेक्टर म्हणतो, ‘या एका संभाषणातले मेसेज दे.’

डिस्पॅच: चिठ्ठी टाकायची पेटी. बटण दाबलं की कंपोनंट यातून अ‍ॅक्शन पाठवतो.

पूर्वी ही जोडणी ‘कनेक्ट’ नावाच्या फंक्शनने व्हायची. ते तुमच्या कंपोनंटभोवती एक आवरण घालायचं आणि स्टोअरमधली माहिती प्रॉप्स म्हणून आत सोडायचं. त्यामुळे आतल्या कंपोनंटला स्टोअर आहे हेच माहीत नसे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिअ‍ॅक्टमध्ये ‘हुक्स’ आले आणि त्याच वर्षी रिअ‍ॅक्ट-रिडक्सने ‘यूज-सिलेक्टर’ व ‘यूज-डिस्पॅच’ हे दोन हुक दिले. आता कंपोनंटच्या आतच एका ओळीत जोडणी होते. नवीन कामात हीच पद्धत वापरली जाते. जुन्या प्रोजेक्टमध्ये ‘कनेक्ट’ अजून भेटतं आणि ते आजही चालतं.

एक मेसेज येतो तेव्हा आत काय घडतं?

समजा तुमची दोन संभाषणं वाचायची राहिली आहेत. त्यातलं एक ताईचं. वर आकडा ‘२’ आहे. आता ताईचाच आणखी एक मेसेज आला.

१. सर्व्हरकडून मेसेज आल्यावर ‘नवीन मेसेज आला’ ही अ‍ॅक्शन डिस्पॅच होते. सोबत संभाषणाचा क्रमांक आणि मजकूर.

२. रिड्यूसर बघतो: हे संभाषण आत्ता उघडं आहे का? नाही. मग तो मेसेज जोडून संभाषण ‘न वाचलेलं’ अशी खूण असलेलं नवं स्टेट परत देतो. खूण आधीपासून होतीच.

३. स्टोअर नाव नोंदवलेल्या सगळ्यांना कळवतं: काहीतरी बदललं.

४. प्रत्येक जोडलेल्या कंपोनंटचा सिलेक्टर पुन्हा चालतो आणि नवं उत्तर जुन्या उत्तराशी ताडून बघितलं जातं.

५. वरच्या पट्टीचं जुनं उत्तर २, नवं उत्तरही २. फरक नाही, म्हणून पट्टी पुन्हा रंगवली जात नाही. ताईच्या चॅट खिडकीचं उत्तर बदललं, म्हणून फक्त ती रंगवली जाते.

यात एक बारकी पण मोलाची गोष्ट आहे. ‘२’ हा आकडा स्टोअरमध्ये कुठेच लिहून ठेवलेला नाही. वहीत फक्त कोणतं संभाषण वाचलं आणि कोणतं नाही, एवढंच आहे. आकडा दर वेळी त्यावरून मोजला जातो. जे मोजून काढता येतं ते वेगळं साठवायचं नाही, हा स्टोअर वापरण्यातला पहिला संकेत. कारण साठवलेला आकडा आणि खरी यादी यांची फारकत कधीतरी होणारच. लाल गोलाच्या बगचं मूळ तेच होतं.

एक पोस्ट, तीन जागा

सोशल मीडियात एकच पोस्ट तुमच्या फीडमध्ये, लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर आणि सर्चमध्ये दिसते. तिच्या तीन प्रती साठवल्या, तर फीडमध्ये लाइक केल्यावर प्रोफाइलवर ती लाइक न केलेली दिसेल.

म्हणून पोस्ट तिच्या क्रमांकासह एकदाच ठेवतात. फीड, प्रोफाइल आणि सर्च यांच्याकडे फक्त क्रमांकांच्या याद्या असतात. लाइक एकाच जागी नोंदवलं जातं आणि तिन्हीकडे दिसतं. याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. २०१७ मध्ये आलेलं ‘ट्विटर लाइट’ हे ट्विटरचं हलकं मोबाइल वेब अ‍ॅप रिअ‍ॅक्ट, रिडक्स आणि याच कामाची ‘नॉर्मलायझर’ ही लायब्ररी वापरून बांधलं होतं.

जोडताना कुठे चुकतं?

जोडणी एका ओळीची असली तरी तिच्यात काही ठरलेले खड्डे आहेत.

जागच्या जागी बदल: रिअ‍ॅक्ट-रिडक्स नवं उत्तर आणि जुनं उत्तर ‘तीच वस्तू आहे का’ एवढंच बघून ताडतं, आत डोकावून नाही. रिड्यूसरने जुन्याच यादीत गुपचूप एक ओळ घुसवली, तर यादी तीच राहते. कंपोनंटला वाटतं काहीच बदललं नाही. माहिती बदलली, स्क्रीन जुनीच! म्हणून रिड्यूसरने नेहमी नवी प्रत द्यायची. हे हाताने लिहिणं किचकट असल्याने २०१९ मध्ये स्थिरावलेल्या ‘रिडक्स टूलकिट’मध्ये ‘इमर’ नावाची सोय आहे. तुम्ही थेट बदल केल्यासारखं लिहायचं, नवी प्रत ती बनवते.

दर वेळी नवी यादी: याच्या उलट चूक. सिलेक्टर दर वेळी गाळून नवीन यादी बनवत असेल, तर आतला मजकूर तोच असला तरी वस्तू नवी ठरते. मग अ‍ॅपमध्ये कुठेही काहीही घडलं तरी तो कंपोनंट पुन्हा रंगवला जातो. स्वस्त फोनवर स्क्रोल करताना अडखळण्यामागे अशी कारणं असू शकतात. उपाय म्हणजे मूळ माहिती बदलली नसेल तर मागचंच उत्तर परत देणारा सिलेक्टर. ‘रिसिलेक्ट’ ही लायब्ररी हेच करते.

जास्त मागणं: एकच नाव हवं असताना सिलेक्टरने संपूर्ण स्टेट मागितलं, तर कुठलाही बदल त्याला जागं करतो. जेवढं दाखवायचं तेवढंच मागा, आणि गरजेच्या कंपोनंटलाच जोडा.

झोंबी कंपोनंट: यादीतली एक पोस्ट स्टोअरमधून डिलीट झाली. पण ती दाखवणारा कंपोनंट स्क्रीनवरून जायच्या आधीच त्याचा सिलेक्टर चालला. तो गेलेल्या पोस्टचं शीर्षक मागतो आणि एरर येतो. याला डेव्हलपर ‘झोंबी चाइल्ड’ म्हणतात. रिअ‍ॅक्ट-रिडक्स हे बऱ्याच अंशी सांभाळून घेतं, तरी सिलेक्टरने ‘वस्तू आहे का’ हे आधी बघणं शहाणपणाचं.

मग रिअ‍ॅक्टचा कॉन्टेक्स्ट का नको?

रिअ‍ॅक्टमध्येच ‘कॉन्टेक्स्ट’ नावाची सोय आहे. तीही मधल्या पायऱ्या वगळून माहिती खाली पोचवते. मग वेगळं स्टोअर कशाला?

फरक निवडीचा आहे. कॉन्टेक्स्टमधलं मूल्य बदललं की ते वाचणारे सगळे कंपोनंट पुन्हा रंगवले जातात. ‘मला फक्त हा आकडा हवा’ असं सांगायची सोय त्यात नाही. रिअ‍ॅक्ट-रिडक्सच्याच सहाव्या आवृत्तीने संपूर्ण स्टेट कॉन्टेक्स्टमधून पाठवून बघितलं होतं. वेग कमी पडला, म्हणून २०१९ मध्ये सातव्या आवृत्तीत पुन्हा प्रत्येक कंपोनंटने स्टोअरकडे नाव नोंदवायची पद्धत आणली. आज कॉन्टेक्स्टमधून फक्त स्टोअरचा पत्ता जातो, मजकूर नाही. डार्क मोड किंवा भाषा यासारख्या क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना मात्र कॉन्टेक्स्ट पुरेसा आहे.

सगळंच स्टोअरमध्ये कोंबू नका

रिडक्स लोकप्रिय झाल्यावर लोकांनी प्रत्येक लहानसहान गोष्ट त्यात टाकली. मेनू उघडा की बंद, टाइप होत असलेलं अक्षर, सगळंच. एका साध्या बदलासाठी तीन-चार फाइल उघडाव्या लागू लागल्या. २०१६ मध्ये खुद्द अब्रामोव्ह यांनीच लेख लिहून सांगितलं की तुम्हाला रिडक्सची गरज नसूही शकते.

साधी कसोटी अशी: ही माहिती दुसऱ्या लांबच्या कंपोनंटला लागते का? नसेल तर ती कंपोनंटच्या आतच राहू द्या. घरातल्या सगळ्यांचा खर्च एका वहीत लिहावा, पण प्रत्येकाच्या खिशातली चिल्लर नाही.

सर्व्हरवरून येणारी माहिती हा वेगळा विषय आहे. ती तुमची नसते, तुमच्याकडे तिची फक्त प्रत असते आणि ती शिळी होते. तिला पुन्हा कधी आणायचं, हे सांभाळण्यासाठी ‘टॅनस्टॅक क्वेरी’ किंवा रिडक्स टूलकिटमधलंच ‘आरटीके क्वेरी’ वापरतात.

पर्यायही भरपूर आहेत. व्ह्यू वापरणाऱ्यांसाठी ‘पिनिया’, अँग्युलरसाठी ‘एनजीआरएक्स’, रिअ‍ॅक्टमध्ये ‘मॉबएक्स’ आणि ‘झुस्टँड’. झुस्टँड हा जर्मन शब्द, अर्थ ‘स्थिती’, म्हणजे स्टेटच. लिहिण्याच्या पद्धती वेगळ्या, पण मूळ विचार तोच: सामायिक माहिती एका जागी, आणि ज्याला जेवढी हवी त्याला तेवढीच जोडणी.

वापरणाऱ्याने यातून काय ओळखायचं?

कोड लिहायचा नसला तरी ही माहिती रोजच्या वापरात उपयोगी पडते.

एका टॅबमध्ये मेसेज वाचला, दुसऱ्या टॅबमध्ये आकडा तसाच: प्रत्येक टॅबचं स्टोअर वेगळं असतं. दोन टॅबनी एकमेकांशी बोलावं यासाठी वेगळी सोय करावी लागते.

लाइकचं हृदय लाल झालं आणि लगेच पुन्हा रिकामं: अ‍ॅपने सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता आधीच लाल करून दाखवलं. याला ‘ऑप्टिमिस्टिक अपडेट’ म्हणतात. सर्व्हरने नकार दिला किंवा नेट गेलं की अ‍ॅप ते मागे घेतं.

रिफ्रेश केल्यावर आकडा बरोबर झाला: चूक तुमच्या स्क्रीनवरच्या प्रतीत होती. रिफ्रेश केलं की ब्राउझरच्या मेमरीतलं स्टोअर पुसलं जातं आणि सर्व्हरवरून नव्याने भरलं जातं.

रिफ्रेश करूनही चुकीचाच: मग दोष बहुधा सर्व्हरच्या बाजूला आहे. पुन्हा पुन्हा रिफ्रेश करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा.

आणि सर्वात महत्त्वाचं, पैशांच्या व्यवहारात. पेमेंट करताना स्क्रीन अडकली, बॅलन्स जुनाच दिसतोय किंवा ‘फेल’ असं काहीतरी आलं, तर लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. स्क्रीनवर दिसते ती प्रत आहे, मूळ हिशोब बँकेच्या सर्व्हरवर आहे. पान पुन्हा उघडा, व्यवहारांची यादी किंवा बँकेचं स्टेटमेंट बघा आणि मगच पुढचं पाऊल टाका.